नानासोंच्या नावाचा पासवर्ड

कुपवाडच्या एका कारखान्यात अमावस्येला सर्व्हरच्या खोलीबाहेर माणसं दाटीनं उभी होती. काचेपलीकडे सर्व्हर बंद होता. जयराज महाराजांनी काचेवर भस्म फुंकलं. "नानासो, मंडळी आल्यात. जागा व्हय गड्या."

सर्व्हर घुमू लागला. पडद्यावर नाव उमटलं: नानासो. सगळ्यांचे हात जोडले गेले. महाराजांचा शिष्य शिवतेज तेवढा मागं मोबाईलमध्ये मान घालून उभा होता.

नानासो माझे शेजारी. इथले सर्व्हर तेच सांभाळत. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या पत्नी साळूबाई मला म्हणाल्या, "बगा, हितंच हायत."

महाराज लगेच म्हणाले, "आवं, त्यास्नी जागा पायजे. तुमचं माधवनगरचं घर आमच्या मठाला द्या, रोज बोलतील."

त्या मान डोलावू लागल्या. मी पुस्तकांत रमणारा माणूस, चारचौघांत तोंड उघडत नाही. शिवतेजचा मोबाईल मला खटकत होता; पण माझंच चुकत असेल, असंही वाटलं. तरी कारखान्याच्या इंजिनियर प्रियदर्शनीला हळूच विचारलं, "बंद सर्व्हर लांबून सुरू होतो का?"

"होतो की काका. सर्व्हर बंद असला तरी त्याच्या पोटातलं एक छोटं यंत्र जागं असतं. त्यात लॉगिन केलं की सर्व्हर कुठूनही चालू करता येतो, आणि लॉगिन करणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसतं. आत कुणाला सोडायचं, ते कारखान्याच्या डिरेक्टरीला विचारतं. सगळ्यांची खाती तिथंच असतात."

"नानासोंचंही?"

ती थबकली. "मालक म्हणाले होते, वर्षश्राद्धाआधी नाव काढायचं नाही."

तिनं लॅपटॉपवर ते खातं बंद केलं, सर्व्हरही बंद केला. "महाराज, साळूकाकूंसाठी अजून एकदा बोलवा."

भस्म उडालं, मंत्र झाले. सर्व्हर गप्प.

"रुसल्यात ते," महाराज म्हणाले.

"रुसले नाहीत. शिवतेजच्या फोनवरून त्यांच्या नावानं लॉगिन चाललंय, आणि डिरेक्टरी नको म्हणतेय. हे बघा." तिनं पडदा सगळ्यांकडं वळवला. शिवतेज पूर्वी नानासोंच्याच हाताखाली होता. विश्वासानं दिलेला पासवर्ड त्यानं जपून ठेवला होता.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "म्हाराज, आता भस्म मोबाईलला लावा."

घर वाचलं. पण साळूबाईंनी काचेला हात लावला. "म्हंजे ते न्हाईत हितं."

मला वाटलं, आपण त्यांचं उरलंसुरलं तर काढून घेतलं नाही ना?

पदरानं काचेवरचं भस्म पुसत त्या म्हणाल्या, "खातं बंद केलंसा ते बरं केलं. त्यांच्या नावानं दुसऱ्या कुनी बोलाय नगं."

गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी बोलू लागलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: हे नाव सध्या कुणाच्या हातात आहे? आणि मागं राहिलेल्या माणसाकडं महाराज पोचण्याआधी शेजाऱ्यानं जावं. संध्याकाळी मी पुस्तक मिटून साळूबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी नानासोंची खुर्ची पुढं सरकवली.