नाव काय घालायचं?

एन

"बॉस, एन कमिंग डाउन!" क्रेनच्या पाळण्यातून सेल्वम ओरडला.

पद्माकर देवस्थळींनी खालून हात वर केला. माणसाच्या उंचीचं स्टीलचं अक्षर भिंतीपासून सुटलं, हवेत जरा डुललं आणि खाली आलं. समोरून चकचकीत, मागून पोकळ. सेल्वमच्या दोघा माणसांनी ते लॉरीत आडवं केलं.

सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या या संशोधन संस्थेची इमारत बांधली गेली ती एमरी डॉर्न या अमेरिकन उद्योगपतीच्या ट्रस्टच्या पैशांतून, म्हणून भिंतीवर डॉर्न. आता इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली होती आणि तिचे पैसे दुसऱ्याच अमेरिकनाने दिले होते. सॉफ्टवेअरवाला होता. जुन्या करारात लिहिलेलं होतं की नाव राहील ते पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत. ट्रस्टवाल्यांना वाटलं असेल, म्हणजे कायमचंच. वाटतं माणसाला.

अक्षरं हवीत का, असं डॉर्नच्या पणतीला विचारून झालं होतं. तिचं उत्तर आलं: घरात जागा नाही. पर्यावरणाची काळजी घेऊन भंगारात द्यावीत.

"गोंदाचा डाग दिसता कामा नये," पद्माकरांनी त्यांच्या इंग्रजीत बजावलं. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे होती. "आधी गरम हवा मार, मग खरवड, मग पूस. सोमवारी नवं नाव चढायचंय."

"नो प्रॉब्लेम, बॉस. मंडे नोबडी नो हू इज डॉर्न."

आर

पद्माकरांना डॉर्न तोंडपाठ होता. पाहुणे आले की त्यांना लॉबीतल्या फोटोंपुढून फिरवायचं काम कुणाचंच नव्हतं, म्हणून त्यांचं झालं होतं.

ओहायोतलं एक गाव. हातगाडीवर बर्फ विकणारा पोरगा. (इथे पाहुणे हसायचे.) मग बर्फाचा कारखाना, मग शीतगृहं, मग मांस वाहून नेणारे थंडगार रेल्वेडबे. मग संप. डॉर्नने फाटकाला कुलूप लावलं आणि ऐन हिवाळ्यात कामगारांना बाहेर ठेवलं. (हे फोटोखाली नव्हतं, पद्माकरांनी कुठेतरी वाचलं होतं. ते पाहुणा बघून सांगायचे.) मग म्हातारपण, आणि म्हातारपणी येतो तो दानधर्म. वाचनालयं, इस्पितळं, कॉलेजं. ज्यावर नाव लावता येईल असं सगळं.

एकदा शाळेला सुट्टी म्हणून नात आली होती, आर्या. पहिल्याच फोटोपाशी ती थांबली. बर्फाची गाडी, डॉर्न, आणि कडेला अर्धी कापली गेलेली हॅटवाली बाई.

"आजोबा, धिस वन हू?"

"बायको असेल त्याची."

"नेम?"

"लिहिलेलं नाही."

"हाऊ कॅन? शी ऑल्सो पुशिंग द कार्ट, ला!"

पद्माकरांनी वाकून पाहिलं. गाडीच्या दांड्यावर बाईचा हात होता खरा. इतकी वर्षं फोटो दाखवून त्यांना तो दिसला नव्हता.

ओ

ओ सुटेना. पाळण्यातून सेल्वमने आत टॉर्च मारला आणि हसला. अक्षराच्या पोकळीत साळुंकीचं घरटं होतं. काड्या, एक स्ट्रॉ, निळ्या मास्कची दोरी. पक्षी नव्हते.

"थ्रो, बॉस?"

"थ्रो," पद्माकर म्हणाले.

भिंतीवर आता एकटा डी राहिला. तोवर पावणेसहा झाले आणि सेल्वमच्या माणसांची वेळ संपली. डी उद्यावर गेला.

यिशुनच्या घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर भांडी मांडलेली होती. शनिवारी पद्माकरांच्या बायकोचं, संजीवनीचं, वर्षश्राद्ध. तिच्या नावाने इथल्या मराठी मंडळाला एक भांडं द्यायचं, म्हणजे गणपतीच्या महाप्रसादाला दरवर्षी वापरात राहील, हे मुलाच्या, अनिमेषच्या डोक्यातून निघालं होतं.

"नवं कशाला आणायचं बाबा? आईचंच एखादं देऊ. आईचं नाव असलेलं. तिने ढीग भांडी आणलीयेत पुण्याहून."

आणली होती. दर पुण्याच्या फेरीत एक. विमानात वजन होतं म्हणून पातेल्यात साड्या, साड्यांत मसाले. पद्माकर स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि एकेक भांडं पालथं करून काठाखालचं नाव वाचू लागले. पिठाचा डबा: पद्माकर. मोठं पातेलं: चि. अनिमेष. कढई: पद्माकर. परात: ती. नानांच्या स्मरणार्थ. नाना म्हणजे पद्माकरांचे वडील. इडलीपात्र: पद्माकर. दुधाचं भांडं: आर्या, आणि तिची जन्मतारीख.

"आजोबा, यू आर एव्हरीव्हेअर," आर्या ओट्याला टेकून म्हणाली. "लाइक युअर डॉर्न."

"गप गं," अनिमेष म्हणाला. मग वडिलांना, "डबे बघितले का वरचे?"

वरचेही काढले. मिसळणाचा डबा, पोळ्यांचा डबा, बिनझाकणाचा एक डबा. संजीवनी कुठेच नव्हती.

तिने नोकरी केली होती. भांडी तिच्याच पगारातून यायची. रविवार पेठेतल्या दुकानात नाव घालणारा मशिन सुरू करण्याआधी मान वर करून विचारायचा, "नाव काय घालायचं?" ती सांगायची. पद्माकर समोरच्या गुऱ्हाळात रस पीत उभे असायचे. एकदा ते तिला म्हणाले होते, अगं, एखाद्यावर तुझं घाल की. ती म्हणाली होती, "आपलं नाव आपणच काय घालायचं? बरं दिसतं का ते? दुसऱ्याने घालायचं असतं."

त्यावर त्यांनी रस संपवला होता आणि टॅक्सी बोलावली होती.

"मग नवंच आणू," अनिमेष म्हणाला. "सेरंगूनला मिळेल. नाव घालून देतात का बघतो. नाहीतर स्टिकर."

"स्टिकर नको," पद्माकर म्हणाले. त्यांनी भांडी परत जागेवर लावली. एकात एक, संजीवनी लावायची तशी. नीट बसली नाहीत.

डी

डी सकाळीच उतरला. सेल्वमने भिंत खरवडली, पुसली, खाली येऊन लांबून बघितली. डाग नव्हता. लॉरी गेली. पद्माकरांनी काम पूर्ण झाल्याचा फोटो वर पाठवला आणि शुक्रवार असल्यामुळे लवकर निघाले.

घराच्या दाराशी मिसेस गोह उभ्या होत्या. त्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये राहायच्या. हातात स्टीलचा डबा.

"अंकल, सॉरी हां. सो लाँग आय कीप."

पद्माकरांनी डबा ओळखला. बिनझाकणाच्या डब्याचा तो जोडीदार. बेसनाचे लाडू घालून संजीवनीने दिला असेल, इस्पितळात जायच्या आधी.

"डबा काय, राहू द्यायचा होता," ते इंग्रजीत म्हणाले.

"कॅनॉट. सांजी टेल मी, युअर पीपल नेव्हर रिटर्न एम्प्टी." मिसेस गोहनी डबा पुढे केला. "आय वॉन्ट टू बेक. बट धिस इयर माय हँड पेन, पेन. ओन्ली यस्टरडे देन कॅन."

डब्यात अननसाचे टार्ट होते. वेडेवाकडे, काही कडेला करपलेले. पद्माकरांनी वाकून नमस्कार केला. मिसेस गोहनीही तसाच केला. तो त्यांना कुणी शिकवला होता, हे विचारायची गरज नव्हती.

ओट्यापाशी आल्यावर त्यांनी टार्ट ताटात काढले आणि सवयीने डबा पालथा केला. काठाखाली: पद्माकर. त्यावर आडवी, पिवळी पडलेली कागदी चिकटपट्टी. मार्करने मोठ्या इंग्रजी अक्षरांत: सांजी.

मिसेस गोहना देवनागरी येत नव्हती. डबा कुणाचा, हे तेवढं माहीत होतं.

अनिमेष आला, त्याने एक टार्ट तोंडात टाकला. "हा आईचाच की! बरं झालं, हाच देऊ उद्या. पट्टी निघेल बाबा, गरम पाण्यात ठेवला की. गोंद राहिला तर थोडं तेल लावू."

"मला माहितीये कसा काढतात," पद्माकर म्हणाले. "मंडळाला नवं आण तू. मोठं आण."

"आणि त्यावर नाव?"

"मी येतो बरोबर. मी सांगतो त्याला."

त्यांनी नळ अगदी बारीक सोडला. डबा तिरका धरून आतून घासला, आतूनच विसळला, आणि चिकटपट्टीवर अंगठा ठेवून पाणी ओतून दिलं. मग फडक्याने पुसून तो त्यांनी वरच्या फळीवर ठेवला. नाव बाहेरच्या बाजूला.