काउंटेसची फुली

“आपली ती पूर्वज चोर निघाली, तर मला सांगायलासुद्धा येऊ नकोस,” बायबल मांडीवर घट्ट धरून डल्सी म्हणाली.

डल्सी माझी थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. घराण्याचं बायबल तिच्याच ताब्यात. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘थॉमस ड्रूरी आणि त्याची बायको.’ बायकोला नाव नाही. आजी मात्र म्हणायची, “आपण काउंटेसची माणसं.” तेवढ्यावर आपण सरदार घराण्यातल्या, असं धरून डल्सीनं जन्मभर करंगळी वर करून चहा प्यायला.

मी ह्युऑनच्या खोऱ्यात चाळीस वर्षं सफरचंदं खोक्यांत भरली. बाकीच्या बायका आपल्या खोक्यावर नाव लिहायच्या, मी फुली मारायचे. एकसष्टाव्या वर्षी वाचायला शिकले. तेव्हापासून त्या पानावरची ती मोकळी जागा डोळ्यांत खुपायला लागली. तिथं नाव लिहायचं, एवढंच मनात होतं.

होबार्टच्या दप्तरखान्यात टॅम्सिन नावाच्या मुलीनं दोन जुन्या वह्या समोर ठेवल्या. पहिलीत लग्नाच्या परवानग्या होत्या. मी बोटाखाली एकेक अक्षर धरत गेले. थॉमस ड्रूरी. हेस्टर लॅम. तिच्या नावापुढे: काउंटेस.

“खरंच काउंटेस होती की काय?”

“ते जहाजाचं नाव, आजी,” टॅम्सिन हळूच म्हणाली. “विलायतेहून कैदी बायकांना इथं बेटावर घेऊन आलेलं. हेस्टरना सात वर्षांची शिक्षा झाली होती. एक चादर आणि एक इस्त्री चोरली म्हणून.”

मला हसू फुटलं. मग तिनं दुसरी, लग्नाच्या नोंदींची वही उघडली आणि ते विरलं. हेस्टरच्या सहीच्या जागी फुली होती. एक रेघ आखूड, दुसरी लांब, खाली घसरलेली. लेखणीची सवय नसलेला हात असाच घसरतो. मला कुणी सांगायला नको होतं.

त्या पानाची नक्कल घेऊन मी डल्सीकडे गेले. सगळं सांगितलं.

“म्हणजे चोरच,” ती म्हणाली.

“चोर. पण आपली.”

“इस्त्री चोरली?”

“इस्त्री.”

“आणि तू बघ, जन्मभर चुरगळलेलीच हिंडलीस.”

“तू तरी काय, एका जहाजासाठी करंगळी वर करत बसलीस!”

तिनं ओठ आवळून धरले, पण खांदे हलायला लागले. हसून झाल्यावर तिनं चष्मा पुसला आणि नक्कल जवळ ओढली. फुलीवरून बोट फिरवलं.

“थंडीचे दिवस असतील गं,” ती म्हणाली. “उगीच कोण चादर चोरतं?”

मग तिनं बायबल माझ्यापुढे सरकवलं. “तू लिही. माझा हात कापतो.”

मघाशी चहा ओतताना तो कापला नव्हता.

मी सावकाश लिहिलं: हेस्टर लॅम. डल्सीनं स्पेलिंग दोनदा तपासलं.

“झालं ना?”

“थांब. तिला वाचता येत नव्हतं,” मी म्हटलं, आणि नावाशेजारी एक फुली काढली. एक रेघ लांब ठेवली, खाली घसरलेली.