तिथीची पाऊणपट

दर्शनाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आपला कॅमेरा बंद आहे ना, हे पुन्हा एकदा पाहून घेतलं. पडद्यावर तिचाच आलेख होता. खाली आठ दिवस, बाजूला भरतीची वेळ, आणि मधून चढत गेलेली नीटस रेघ.

"बघा मंडळी, याला म्हणतात निरीक्षण," प्रज्ञेश सर अकोल्याहून बोलत होते. "रोज साधारण पंचेचाळीस मिनिटांचा फरक. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झालीत, ते माणसाच्या हातून होणारच. दर्शनाताई, अभिनंदन."

चाळीस जणांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. दर्शनाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. दुसरं करणार तरी काय!

भौतिक विज्ञानाची तोंडओळख. नावच असं की माणूस बिचकावा. पण ऑनलाइन बी. ए. करणाऱ्या प्रत्येकाला हा विषय सक्तीचा, मग तुम्ही इतिहास घ्या नाहीतर मराठी. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं, विज्ञानाचा गंध नसलेल्यांसाठी. दर्शना अडतीस वर्षांची, सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक. तिला तो गंध नव्हताच. तरी गुरुत्वाकर्षण झालं, उष्णता झाली, आणि मग प्रात्यक्षिक आलं. आपल्या परिसरातली एक नैसर्गिक घटना निवडा, सलग आठ दिवस स्वतः पाहा, वेळ लिहा. रत्नागिरीतल्या दोघींनीही भरती निवडली. दर्शनाने आणि कमळाताईंनी.

"आता दुसऱ्या नोंदी बघू," सर म्हणाले आणि पडद्यावर वहीच्या पानाचा फोटो आला. पानावर पाण्याचे डाग होते. "कमळाताई, एका दिवशी चौतीस मिनिटांचा फरक, दुसऱ्या दिवशी एकसष्ट? आणि सगळ्या वेळा दर्शनाताईंपेक्षा उशिराच्या. तुम्ही दोघी एकाच समुद्राजवळ राहता ना?"

"मी तिथंच होते, सर." कमळाताईंचा आवाज खरखरत आला. "काठीवरची खूण बघूनच लिवलंय."

"नुसतं उभं राहणं वेगळं आणि निरीक्षण करणं वेगळं, ताई. पाणी काही मनाला येईल तसं वागत नाही. बुधवारपर्यंत नीट करून पाठवा, नाहीतर मला नापास करावं लागेल."

दर्शनाचं बोट माइकच्या चिन्हापर्यंत गेलं. तिथेच राहिलं. सरांनी पुढचा विषय काढला, आणि मग तर बोलायची वेळच निघून गेली, असं तिने स्वतःला समजावलं. समजूत काही पटली नाही.

कारण दर्शना आठ दिवसांत एकदाही मांडवीच्या जेटीवर गेली नव्हती. घरापासून पाच मिनिटांवर जेटी! पण कचेरीत मार्च अखेरीची धांदल, घरी पाहुणे. शेवटी एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. तिचे वडील, दादू, खलाशी होते. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे तास येतील तेवढ्या वाजता भरती, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आठ दिवसांचं काम दहा मिनिटांत उरकलं. मग खरं वाटावं म्हणून कुठे दोन मिनिटं वाढवली, कुठे तीन कमी केली. तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. वडील म्हणायचे, पाऊणपट हा अंदाज, होडी सोडायची तर पाण्याकडे बघायचं. ते तिला आज आठवत होतं, आणि डोळे भरून येत होते.

आणि कमळाताईंना या भानगडीत ओढलं कोणी? हिनेच. कमळाताई अंगणवाडी सेविका, वीस वर्षं तेच काम, कागदपत्रांसाठी दर्शनाच्या कचेरीत येणं-जाणं. पदवी असेल तर मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येतो, आणि वयाच्या अटीत बसायला त्यांच्याकडे हे शेवटचं वर्ष होतं. "करा हो, मी आहे ना," असं म्हणून दर्शनाने त्यांचा फॉर्म भरला होता. मी आहे ना! तिला स्वतःचीच किळस आली.

तिने फोन केला. कमळाताईंनी उचलला नाही. ती जेवायला बसली. नवरा, विनोद, म्हणाला, "सरांची एवढी शाबासकी मिळाली आणि तोंड का सुतकी?" तिने ताट उचललं. तीन वाजता स्कूटर काढली आणि सोमेश्वरच्या पुढे, खाडीच्या आतल्या अंगाला, कमळाताईंच्या घरी पोचली.

कमळाताई पडवीत पाटावर वही ठेवून लिहीत होत्या. दर्शनाला बघताच लगबगीने उठल्या.

"या, मॅडम. आज कशी वाट वाकडी केलीत? बसा वायच."

"कमळाताई, फोन का नाही उचललात?"

"काय तोंडानं उचलू? चाळीस माणसांत लाज गेली." त्यांनी पदराने खुर्ची पुसली. "पण आता झालं बगा काम. रागावणार नाय ना तुम्ही?"

त्यांनी वही पुढे केली. नवं कोरं पान, पट्टीने मारलेल्या रेघा, आणि आठ दिवसांच्या वेळा. पहिल्या ओळीवरूनच दर्शनाला कळलं. तिचेच आकडे. कुठे एक मिनिट पुढे, कुठे एक मागे.

"सरांनी दाखवलं तेव्हा फोटो मारून ठेवला मी," कमळाताई हळू आवाजात म्हणाल्या. "चोरीच हाय ती, म्हायत हाय मला. पोरांना शिकवते खोटं बोलू नये म्हणून, आणि आज मीच... पण आठ दिवस कुठनं आणू बुधवारपर्यंत? आणि माझी नजरच चुकत असणार. पंचेचाळीस उलटली, आता लांबचं धड दिसत नाय मला. तुम्ही शिकलेल्या, तुमचं बरोबरच असणार."

"माझं खोटं आहे."

"काय?"

"मी एकही दिवस जेटीवर गेले नाही. कॅलेंडर बघून तिथीची पाऊणपट केली. बाबा सांगायचे तो हिशोब. तुमचं खरं आहे, कमळाताई. खाडीत पाणी आत यायला वेळ लागतो, म्हणून तुमच्या वेळा उशिराच्या."

कमळाताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या.

"माझं समाधान करायला कशाला स्वतःकडे कमीपणा घेताव? एवढ्या उन्हातनं आलात, तेच खूप झालं."

दर्शनाला वाटलं होतं, त्या चिडतील, चार शब्द सुनावतील. हे असं होईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. कबुलीजबाब द्यावा आणि समोरच्याने उलट आपल्याला देवमाणूस ठरवावं!

"आज तिथी कुठली?" तिने विचारलं.

"षष्ठी."

"म्हणजे माझ्या हिशोबाने साडेचारला भरती. चला पायऱ्यांवर. तुमची काठी घ्या."

घरामागे जांभ्याच्या पायऱ्या थेट खाडीत उतरत होत्या. कमळाताईंनी खालच्या पायरीलगतच्या चिखलात काठी रोवली. तिच्यावर बोटाबोटाच्या अंतराने खाचा होत्या, लाल रंगाने भरलेल्या. आठही दिवस इथे उभ्या राहायच्या त्या. पहिल्या दिवसांत अंगणवाडीची मुलं मदतनीसबाईंवर सोपवून धावत यायच्या, हे आता सांगितलं त्यांनी.

दोघी बसल्या. सव्वाचार झाले. साडेचार झाले. पाणी सहाव्या खाचेवर होतं. दर्शनाने फोनवरची वेळ कमळाताईंना दाखवली. पाच मिनिटांनी पाण्याने सातवी खाच झाकली. पावणेपाचला आठवीही दिसेनाशी झाली.

कमळाताई काठीकडे बघत होत्या. मग नव्या पानाकडे. मग पुन्हा काठीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून दर्शना वाट बघत होती.

"मॅडम," त्या म्हणाल्या. "सकाळी सर मला बोलत होते, तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

कमळाताईंनी मान हलवली. पलीकडच्या काठावर कोणीतरी होडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. दर्शनाला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

तिने फोन उघडला. सरांना एकट्यांना लिहिणार होती, मग थांबली. कमळाताईंना बोलणी चाळीस जणांसमोर बसली होती. तिने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. 'माझ्या आठही नोंदी खोट्या आहेत. मी समुद्र बघितला नाही, कॅलेंडर बघितलं. कमळाताईंच्या पहिल्या नोंदी खऱ्या आहेत, खाडीच्या आहेत, त्याच धराव्यात. सकाळी मी गप्प बसले.' पाठवण्याआधी तिने ते कमळाताईंना वाचून दाखवलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. तिने पाठवलं.

थोड्या वेळाने सरांचं उत्तर आलं. 'कमळाताई, क्षमस्व. तुमच्या मूळ नोंदी स्वीकारतो, पुन्हा काही पाठवू नका. दर्शनाताई, तुमचं प्रात्यक्षिक रद्द.' त्याखाली कोणीही काही लिहिलं नाही.

"पास झालात तुम्ही," दर्शना म्हणाली.

"मी आधीच झाले होते," कमळाताई म्हणाल्या.

त्यांनी वहीतलं नवं पान शिवणीपासून सावकाश फाडलं, घडी घातली आणि दर्शनाच्या हातात दिलं.

"हे तुमचं हाय. घेऊन जा."

मग साडी सावरून त्या पायऱ्या चढू लागल्या. चहाला चला म्हटलं नाही. दर्शना उठायला लागली, तशा वरच्या पायरीवर थांबून त्यांनी मागे पाहिलं, आणि अंगणवाडीतल्या मुलांशी बोलावं तशा, न रागावता, पण ठाम आवाजात म्हणाल्या,

"बसा तिथंच. पाणी अजून चढतंय. थांबलं की वेळ लिवा, आणि मगच वर या."

दर्शना खाली बसली. लिहायला दुसरा कागद नव्हता. तिने हातातली घडी उलगडली, पान उलटं करून गुडघ्यावर ठेवलं आणि काठीवर नजर लावली.