प्रिचर्डकडे अडकलेला डबा

वेल्सच्या सीमेलगतच्या त्या काउंटीत माणसं कमी आणि मेंढ्या फार. तिथल्या जुन्या कोर्टात आता खटले चालत नसत. न्यायाधीश मोठ्या गावाला गेले आणि इमारत कौन्सिलच्या गळ्यात पडली. एकेकाळी मेंढीचोर उभे राहायचे त्या कठड्यात २००६ च्या नोव्हेंबरात सुप्रभाताई राजवाडे उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना मनातून थोडी मजाच वाटली.

भीतीही होती, कारण प्रकरण त्यांच्या वाटेचं होतं. प्रिचर्ड नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुरणातून नदीकडे जाणारी पायवाट. सुप्रभाताई आणि त्यांचे यजमान डॉक्टर माधव सत्तावीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात आले, तेव्हापासून त्यांची शतपावली याच वाटेनं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले, पण ताई जातच राहिल्या. त्या वाटेवर यजमानांशी मनसोक्त भांडता यायचं. घरात एकटीनं ते जमत नसे. आणि या उन्हाळ्यात प्रिचर्डनं पर्यटकांच्या राहत्या गाड्या, कॅराव्हान, उभ्या करायच्या म्हणून वाट बंद केली.

कायदा सोपा होता. वीस वर्षं लोक कुणाला न विचारता राजरोस चालले असतील, तर वाट सगळ्यांची. मालकानं परवानगी दिली होती असं ठरलं, तर खुंटला मामला. प्रिचर्डच्या वकिलाचं म्हणणं, परवानगी होती, आणि तिच्या बदल्यात ही बाई दर वर्षी डबा भरून खाऊ द्यायची. यंदाही दिला होता. वाट बंद झाली म्हणून दिवाळीचा फराळ बंद करायचा, हे काही ताईंच्या बुद्धीला पटलं नव्हतं.

ब्रिस्टलहून आलेल्या लेकीनं, वरदानं, बजावलं होतं, "आई, फक्त येस-नो बोल. तुझी चकलीची स्टोरी नको सांगू."

वकिलानं स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. "हा तुम्ही दिलात?"

"हो."

"चालायच्या परवानगीबद्दल?"

"दिवाळीबद्दल."

"परवानगी कधी मागितली होती?"

"आमचे डॉक्टर घरात मला विचारायचे नाहीत, ते यांना कशाला विचारतील?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. वरदानं कपाळाला हात लावला.

"मग खाऊ कशासाठी?"

"शेजारी आहेत म्हणून. पोस्टमनलाही देते. त्याच्या घरातून कुठे मी चालत जाते?" आता ताई थांबणं शक्य नव्हतं. "आणि डबा परत यायचा तोही भरून. अंडी, अक्रोड, एकदा तर सोललेला ससा. तो आम्ही गुलाबाखाली पुरला. आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत, हे मी यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. माझी चकली भाडं असेल, तर यांची अंडी कशाचं भाडं?"

"या वर्षी डबा परत गेलेला नाही," वकील घाईनं म्हणाला. "तो पुरावा म्हणून इथे आहे."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा लावला, पुरावा पुढे ओढला आणि झाकण उघडलं. आत आलुबुखारच्या जॅमची बरणी होती.

वकिलाचा चेहरा उतरला. "मिस्टर प्रिचर्ड," बाईंनी विचारलं, "हे काय?"

म्हाताऱ्याचे कान लालभडक झाले. "इथून डबा यांच्याकडेच जाणार ना? रिकामा कसा द्यायचा?"

बाई बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिल्या. वाट खुली झाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं, पण वकिलानं आपली फाईल त्याच क्षणी मिटली.

प्रिचर्ड मात्र उठून कठड्यापाशी आला आणि ताईंकडे न बघताच पुटपुटला, "साखर कमी घातलीय. जास्त झाली की डॉक्टर ओरडायचे."

ताईंना हसू आवरेना, आणि मग रडूही.