पाच वर्षांखालचे पेशंट

आईच्या दवाखान्यात कुणाचाही चार्ट हवा असला की सगळे ताईलाच विचारायचे. सुट्टीत मावसबहीण आली आणि तिने दोन दिवसांत कॉम्प्युटरवर वय, आजार, तारीख असे फिल्टर करून दिले.

"पोर आहे की जादूगार! आता कुणाला विचारायलाच नको," आई म्हणाली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गुपचूप 'पाच वर्षांखालचे' फिल्टर लावून ठेवला.

सकाळी गुडघे धरत एक आजोबा आले, तर त्यांचा चार्टच दिसेना. आईने ताईला हाक मारायच्या आत मावसबहिणीने फिल्टर काढला.

"आजोबा, तुम्हाला बाळांमध्ये शोधत होतो!"

सगळे हसले. मग ती ताईच्या कानाशी लागली. "फिल्टर कुणी लावला, त्याचं नाव खाली येतं गं ताई. मावशीला नाही सांगितलं मी."

ताईने कपाळावर हात मारला. म्हणजे आता हिच्या चांगुलपणावरही जळायचं!