कस्तुराच्या दारातला रॅम्प

मी एक जुना लोखंडी रॅम्प आहे. मोशीतल्या एका सोसायटीत कस्तुराच्या दारापुढच्या पायऱ्यांवर माझी जागा.

मला घडवलं तिच्या थोरल्या भावानं, कोंडीरामनं. तो चाकणच्या एका शेडमध्ये वेल्डिंग करतो. दुचाकी घसरून कस्तुराचे पाय गेले, तेव्हा उरलेल्या पत्र्यांतून त्यानं मला जोडलं. मित्रांनो, मग ती चाकांची खुर्ची ढकलत रोज माझ्यावरून उतरू लागली. गेटजवळच्या गाळ्यात ब्लाउज शिवायची, पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात व्यायामाला जायची, भाजीवाल्याशी घासाघीस करायची.

पुढे सोसायटीला नवा रंग लागला आणि चेअरमन सोपानरावांच्या डोळ्यांत मी खुपू लागलो. गाड्या वळवायला अडचण होते, म्हणून त्यांनी मला उचकटून तिच्याच खिडकीखाली टेकवलं. आठवड्यात नवा बसवतो म्हणाले. महिने उलटले. कस्तुराचा व्यायाम बंद पडला, गाळा सुटला, बसून बसून पाठीला जखम झाली. कोंडीराम शिफ्टवरून येऊन तिला उचलून खाली न्यायचा. एकदा त्याचा पाय चुकला आणि दोघंही पडली.

एका सकाळी दाराशी गाडी थांबली. अपंगांना सांभाळणाऱ्या दूरच्या एका संस्थेची होती. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"तिथं डॉक्टर हाय, जेवण हाय," कोंडीराम म्हणाला. "कपडे भरलेत तुझे."

"मला इचारलंस?"

"किती दिवस उचलू तुला? माझी कंबर गेली, कस्तुरा."

"उचल म्हणून कोण म्हणतंय? दवाखाना त्या गल्लीत हाय, दादा. माझी माणसं हितं हायेत. मी न्हाई जायची."

त्यानं खुर्ची दाराकडे वळवली. तिनं चौकट घट्ट धरली. तो ओढत होता, ती सोडत नव्हती. मी लोखंडाचा, तरी माझ्याच्यानं ऐकवेना.

तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर पायऱ्यांशी आला. "भाऊ, ताईंची मर्जी नसेल तर मी नेणार नाही," म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला.

कोंडीरामनं खुर्ची सोडली. मग तो बाहेर आला आणि मला फरफटत दाराशी नेऊ लागला. सोपानराव आडवे आले.

"कोंडीराम, कमिटीचा ठराव झालाय."

"ठराव करताना तिला बोलावलं होतं?"

"ती येणार कशी?"

हे बोलले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते खाली बघू लागले. कोंडीरामनं मला पायऱ्यांवर टेकवलं. माझा एक पाय गंजला होता. त्याखाली त्यानं वीट सारली. कस्तुरा उतरू लागली. मी डगमगलो. त्याचे हात पुढे झाले.

"धरू नको," ती म्हणाली.

खाली पोचल्यावर तिनं खुर्ची सोपानरावांसमोर उभी केली. "मीटिंग कधी हाय?"

"रविवारी."

"मी येते."

मित्रांनो, रविवार अजून उजाडायचा आहे. मला नटबोल्ट बसलेले नाहीत. माझं पुन्हा काय होईल, ठाऊक नाही. एवढंच मागतो, माझ्या तोंडाशी गाडी लावू नका. आणि कुणी कुठं राहायचं हे ठरवायला बसाल, तेव्हा आधी त्या माणसाला तिथवर येता येईल असं बघा.