सरव्याला कोण जातं?

रानडुकरांनी हरभऱ्याचा असा चुराडा चालवला होता की गावाने शेवटी वनखात्याकडून त्यांना मारायचा परवाना आणला. आता शिकारी कोणता बोलवायचा, हे किशोरने ठरवायचं होतं. ज्याच्या शब्दाला वजन आलं त्याच्या गळ्यात अशी कामं पडतातच, आणि किशोरला ती पडलेली आवडायची. बाळापूरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, गावात काळी जमीन होती, ग्रामपंचायतीत खुर्ची होती. बाप पुंजाराम दुसऱ्याच्या घरी सालदार म्हणून राबता राबता मेला, ही गोष्ट आता कोणी काढत नसे. निदान किशोरच्या तोंडावर तरी काढत नसे.

पहिला आला धर्मपाल. फौजेतून परतलेला गडी, मिशीला पीळ, आणि आवाज असा की ओट्यावरची रिकामटेकडी मंडळी आपोआप सरळ बसली. बढाया त्याने भरपूर मारल्या. मग चहा फुंकत अटी सांगितल्या.

"जखमी डुक्कर मी सोडत नाही. मेलेलं पाह्यल्याबिगर घरी जात नाही, मंग कितीबी दिवस लागो. तवरक वावरात कोनी पाय ठेवाचा नाही. अन् वावरात कोन कोन जाते, थे मी घरोघर फिरून इचारतो. मालकाच्या भरवशावर राहत नाही."

"मालकाले मालूम नाही तं कोनाले मालूम?" किशोर हसला.

"मंग सांगा, सरव्याले कोन जाते?"

किशोरचं हसू गेलं.

पीक निघालं की वावरात गळून पडलेल्या शेंगा, बोंडं, कणसं वेचून न्यायची, हा सरवा. मालक हरकत घेत नाही. वेचणारीला कोणी चोर म्हणत नाही, फक्त गरीब म्हणतात. पुंजारामच्या माघारी किशोरच्या मायने, सुभद्राने, याच सरव्यावर पोराला वाढवलं होतं. आता घरात तुरीच्या पोत्यांची थप्पी लागली, तरी भुईवर शेंग दिसली की म्हातारीचा हात राहत नसे. मागच्या वर्षी ती लोकांच्या वावरात वाकलेली सापडली, तेव्हा किशोर चारचौघांत तिच्यावर ओरडला होता. "माही इज्जत मातीत घालून राहिली तू!" त्या दिवसापासून तिने सरव्याचं नाव काढलं नाही. पण तो दुकानात गेला की दुपारी ती कुठे जाते, हे त्याच्या बायकोला, साधनाला, माहीत होतं. खरं सांगायचं तर त्यालाही माहीत होतं. संध्याकाळी तिच्या लुगड्याला चिकटलेली कुसळं त्याला दिसत. तो दुसरीकडे बघे.

"आमच्या गावात आता सरव्याले कोनी जात नाही," तो म्हणाला.

"असंन. मी इचारतोच."

तिथेच धर्मपालचं नाव कटलं. गावाला किशोरने सांगितलं की माणूस आगाऊ आहे, उगाच वेळ खाईल.

दुसरे आले अकोल्याचे. चार-पाच हौशी लोक, मोठ्या गाड्या, ड्रोन, मोबाइलमध्ये मेलेल्या डुकरांबरोबरचे फोटो. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. "भाऊ, तुमी फक्त शिवार दाखवा. एका दिवसात मोकळं करतो." किशोरला ही मंडळी फारच पसंत पडली.

रविवारी त्यांनी तीन डुकरं पाडली. चौथा दांडगा नर मागच्या पायात गोळी घेऊन नाल्याकाठच्या कपाशीच्या पऱ्हाटीत घुसला. ऊन चढलं होतं, पोटात कावळे ओरडत होते. "मरते आपोआप," असं म्हणून त्यांनी मेलेल्या डुकरांच्या मधोमध किशोरला उभं करून फोटो काढला आणि गाड्या वळवल्या. किशोरने तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, नाल्याकडे जखमी डुक्कर आहे, शेतकरी बंधूंनी तिकडे जाऊ नये. बंधूंना निरोप पोचला. सुभद्राकडे मोबाइल नव्हता.

रात्री जेवताना शब्द त्याच्या ओठांवर आले होते. माय, नाल्याकडे जाऊ नको. पण तसं म्हणायचं म्हणजे ती जाते हे कबूल करायचं. आजच्या दिवशी तरी त्याला ते नको होतं.

"फोटू दाखव ना," माय म्हणाली. त्याने दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "सायबासारखा दिसून राहिला रे तू," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

सोमवारी दुपारी दुकानात साधनाचा फोन आला.

नाल्याकाठच्या, सोंगून मोकळ्या झालेल्या तुरीच्या वावरात सुभद्रा पडली होती. डुकराने तिची मांडी फाडली होती. गाडी वावरापर्यंत पोचण्याआधीच सगळं आटोपलं होतं. लुगड्याच्या पदराची कमरेला बांधलेली ओटी मात्र सुटली नव्हती. आत ओंजळभर तुरीच्या शेंगा होत्या. ती गाठ किशोरने कोणाला सोडू दिली नाही. ती तशीच तिच्याबरोबर सरणावर गेली.

डुक्कर अजून पऱ्हाटीतच होतं. अकोल्याचे लोक फोन उचलेनात. मग गावानेच धर्मपालला बोलावलं.

तो आला, पण ओट्यावर बसला नाही. बंदूक खांद्याला अडकवून पारावर उभा राहिला. सगळं गाव जमलं होतं. बायका एका बाजूला होत्या, म्हातारी वच्छलाबाई पुढे. काय झालं ते त्याला वाटेत कळलं होतं. तरी तो किशोरकडे वळला, पण या वेळी आवाज चढवला नाही.

"वावरात उतरायच्या आधी इचाराच लागते, भाऊ. सरव्याले कोन कोन जाते?"

वच्छलाबाईने पदर तोंडाशी धरला आणि किशोरकडे पाहिलं. सगळ्याच बायका त्याच्याकडे पाहत होत्या. आज तरी हा काय बोलतो, याचीच त्या वाट पाहत होत्या.

"माही माय जात होती," किशोर म्हणाला. "रोज जात होती. मले मालूम होतं."